अंगावर काढणे : देहाच्या स्वीकाराचा एक मराठी इतिहास

मराठीत ‘अंगावर काढणे’ असा एक वाक्प्रचार आहे. ताप, कंबरदुखी, बाळंतपणानंतरची दुखणी औषधपाणी न करता आणि कोणाला न सांगता सोसली, की ती अंगावर काढली असे आपण म्हणतो. हे म्हणताना सुरात थोडी कीव असते, पण बरेचसे कौतुकही असते. आमच्या भागात, म्हणजे नांदेड-लातूरकडे, एखादी बाई किती सोशिक होती हे सांगायचे असेल, तर तिने काय काय अंगावर काढले याचीच यादी सांगितली जाते. देहाकडे पाहण्याची एक संपूर्ण रीत या दोन शब्दांत सामावलेली आहे. देह ही सोसण्याची जागा. त्याच्याशी बोलायचे नसते आणि त्याच्याविषयी तर मुळीच बोलायचे नसते, अशी ती रीत.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक नांदेडला शिकवतो, दुसरा लातूरला. काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात संत सोयराबाईंचा विटाळाविषयीचा अभंग शिकवणे चालू होते. ‘विटाळ म्हणजे अस्पृश्यता’ असा अर्थ सांगून, चोखामेळ्यांच्या कुटुंबाची सामाजिक स्थिती विशद करून तास संपला. नंतर एक विद्यार्थिनी दाराशी थांबली आणि खाली पाहत म्हणाली, “सर, हा विटाळ म्हणजे फक्त जातीचाच का? का आमचा पण?” उत्तर अगदी स्पष्ट होते. परंतु आमच्या सहकाऱ्याने ‘परीक्षेच्या दृष्टीने पहिला अर्थ महत्त्वाचा’ असे काहीसे सांगून वेळ मारून नेली. त्या प्रसंगाची टोचणी आम्हां दोघांनाही आहे, कारण त्या जागी दुसरा असता तरी त्याने हेच केले असते. प्रस्तुत लेख त्या टोचणीतून आलेला आहे.

आपल्या शरीराचा आनंदाने स्वीकार करावा, ही भाषा आज प्रसारमाध्यमांतून कानांवर पडते आणि ती बाहेरून आलेली आहे असा आपला समज असतो. एका अर्थी तो खरा आहे. अमेरिकेत १९६०-७०च्या दशकांतल्या स्त्रीमुक्ती चळवळीने आणि लठ्ठपणावरून होणाऱ्या अवहेलनेविरुद्धच्या चळवळीने या भाषेला आजचे रूप दिले. परंतु ज्या प्रश्नाला ती उत्तर देऊ पाहते, तो प्रश्न मराठीत निदान साडेसातशे वर्षे जुना आहे. एवढेच नव्हे, तर त्याची काही महत्त्वाची उत्तरे गोदावरीच्या याच खोऱ्यात दिली गेली. ती अभ्यासक्रमात असूनही आपण ती शिकवत नाही, हे आमचे म्हणणे आहे.

चक्रधर आणि सोयराबाई

आरंभ ‘लीळाचरित्रा’पासून करावा लागतो. चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर, १२७८च्या सुमारास म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी ठिकठिकाणी हिंडून, ज्याच्या त्याच्या तोंडून ऐकून गोळा केल्या. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ म्हणून आपण त्याची भाषा शिकवतो, रूपे आणि प्रत्यय शिकवतो. त्यात स्त्रीच्या मासिक विटाळाविषयी चक्रधरांनी शिष्यांना दिलेले एक उत्तर आहे. त्याचा आशय असा, की देहाला जशी इतर द्वारे आहेत तसेच हेही एक. नाकाला शेंबूड येतो, डोळ्याला चिपड येते, कानाला मळ येतो, तसाच हाही देहाचा एक स्राव. त्याचा विटाळ मानण्याचे कारण नाही. स्वामींच्या परिवारात महदाइसा, बाइसा यांच्यासारख्या अनेक स्त्रिया होत्या आणि त्यांना या कारणाने दूर बसवले जात नव्हते.

या उत्तराचे वैशिष्ट्य त्याच्या साधेपणात आहे. चक्रधर रजःस्रावाला पवित्र म्हणत नाहीत, मातृत्वाची महती सांगत नाहीत, स्त्रीदेहाचे स्तोत्रही रचत नाहीत. ते त्याला शेंबडाच्या शेजारी नेऊन बसवतात. आजच्या वाचकाला यात थोडा तुच्छतेचा भास होईल. आम्हांलाही प्रथम तो झाला. पण विचार करता लक्षात येते, की ज्या गोष्टीभोवती भयाचे आणि शरमेचे एवढे मोठे कुंपण आहे, तिला सामान्य करणे हीच तिची खरी सुटका असते. शेंबूड आल्याबद्दल कोणी चार दिवस बाजूला बसत नाही.

सोयराबाईंची वाट वेगळी आहे. चक्रधर विटाळ नाकारतात, तर सोयराबाई तो सर्वांना वाटून देतात. देहाचा विटाळ देहातच आहे, विटाळावाचून कोणाचाच देह जन्माला आलेला नाही, मग सोवळा कोण उरला, असा त्यांचा युक्तिवाद आहे. जातीचा विटाळ आणि बाईपणाचा विटाळ, हे दोन्ही एकाच देहावर वागवणाऱ्या स्त्रीचा हा युक्तिवाद आहे. दाराशी थांबलेल्या त्या विद्यार्थिनीने तो आमच्यापेक्षा अधिक अचूक वाचला होता. शब्दाचे दोन अर्थ वेगळे करून एक परीक्षेसाठी आणि दुसरा मौनासाठी ठेवणे ही आमची सोय. अभंगात ते वेगळे नाहीतच.

मात्र येथे एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. सोयराबाईंचा शेवटचा आसरा निर्मळ आत्म्याचा आहे. चोखोबांचा उसाचा दृष्टान्तही त्याच वळणाचा आहे. ऊस वाकडा असला तरी त्याचा रस वाकडा नसतो, तेव्हा वरच्या रंगाला भुलू नये, असे ते सांगतात. ज्याला गावाने वरच्या रूपावरूनच दूर लोटले, त्याने आतल्या रसाकडे बोट दाखवावे हे स्वाभाविकच आहे. त्याच्या हाती तेच एक प्रमाण होते. तथापि आपण आज तोच दृष्टान्त वर्गातल्या सावळ्या किंवा स्थूल मुलीला ऐकवतो, तेव्हा नकळत असे सांगतो, की तुझे वरचे रूप वाकडेच आहे, पण हरकत नाही. ‘मन सुंदर असले म्हणजे झाले’ या सांत्वनात देहाचा नकार जसाच्या तसा शिल्लक राहतो. अभंग चोखोबांच्या जागेवरून म्हणणे वेगळे आणि तो दुसऱ्याच्या समजुतीसाठी वापरणे वेगळे.

ज्ञानेश्वरी, दासोपंत आणि जनाबाई

संतपरंपरा देहद्वेष्टी होती, असे एक ढोबळ विधान अनेकदा केले जाते. ज्ञानेश्वरी (१२९०) वाचताना ते टिकत नाही. तेराव्या अध्यायात वार्धक्याने विरूप झालेल्या देहाचे जे विस्तृत वर्णन आहे, ते वाचून तरुण विद्यार्थी अस्वस्थ होतात. पण त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनी जागृत झालेल्या योग्याच्या देहाला जी कांती दिली आहे, तीत रंग, तेज आणि कोवळीक यांचा उत्सव आहे. शिवाय तेरावा अध्याय देहाला ‘क्षेत्र’ म्हणतो. कोरडवाहू मुलखातल्या आमच्या विद्यार्थ्यांना क्षेत्र म्हणजे शेत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शेत ही द्वेष करण्याची वस्तू नव्हे, ती राखायची असते.

लातूरपासून जवळच असलेल्या अंबाजोगाईला दासोपंतांची (१५५१–१६१५) पासोडी आहे. पंचमहाभूतांपासून देह कसा घडतो, हे सांगणारे ‘पंचीकरण’ त्यांनी कागदावर न लिहिता लांबच लांब कापडावर लिहिले. पासोडी म्हणजे पांघरायचे जाड कापड. तत्त्वज्ञान अखेरीस ‘मी देह नव्हे’ असेच सांगणार. पण ते सांगण्यापूर्वी देहाची इतकी बारकाईने मोजदाद करावी आणि तीही देह झाकणाऱ्या वस्त्रावर करावी, यात देहाविषयीची आस्था दिसते, असे आम्हांला वाटते.

परंतु देहाशी सर्वांत मोकळे नाते गंगाखेडच्या जनाबाईंचे आहे. गंगाखेड नांदेडच्या वरच्या अंगाला, त्याच गोदावरीच्या काठी. जनाबाईंच्या अभंगांत विठ्ठल दळू लागतो, कांडू लागतो, पाणी भरतो, गोवऱ्या वेचतो. तो त्यांची वेणीफणी करतो, डोक्यातल्या उवाही काढतो. डोक्यावरचा पदर खांद्यावर घेऊन भर बाजारातून जाण्याचे त्यांचे धाडसी उद्गार तर सर्वश्रुत आहेत. भक्तीचे रूपक म्हणून आपण हे सारे पटकन उरकतो. रूपक आहेच, पण ते कशाच्या आधारावर उभे आहे? दिवसभर राबून केस विंचरायलाही वेळ न मिळालेल्या दासीच्या देहावर. त्या देहाला कोणीतरी किळस न करता हात लावावा, ही साधी मानवी इच्छा त्या अभंगांत आहे. जनाबाईंचा देव त्यांना ‘तू देह नव्हेस’ असे सांगत नाही, तो त्यांच्या केसांत फणी घालतो. देहाच्या स्वीकाराचे याहून बोलके चित्र मराठी कवितेत आम्हांला माहीत नाही.

१९२७

मधली काही शतके ओलांडून आपण १९२७ या वर्षाकडे येऊ. एकोणिसाव्या शतकात ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ (१८८२) लिहून पुरुषी दुटप्पीपणावर बोट ठेवले होते आणि विधवांच्या केशवपनाचा प्रश्न सार्वजनिक वादाचा झाला होता. बाईच्या डोक्यावरचे केस हा समाजाच्या मालकीचा विषय आहे की तिच्या, एवढाच त्या वादाचा गाभा होता. १९२७ मध्ये मात्र दोन घटना अशा घडल्या, की देहाचा प्रश्न थेट चव्हाट्यावर आला.

पहिली घटना जुलैमधली. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले. संततिनियमन, गुप्तरोग, लैंगिक शिक्षण, नग्नतेविषयीच्या समजुती अशा विषयांवर त्यात कोणताही आडपडदा न ठेवता लेखन येई आणि वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असे. १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत कर्व्यांनी हे मासिक चालवले. शरीराविषयीचे अज्ञान हेच शरमेचे मूळ आहे, हा त्यांचा सिद्धान्त होता आणि त्यापायी त्यांनी नोकरी, पैसा, प्रतिष्ठा सारे गमावले.

दुसरी घटना डिसेंबरमधली, महाडची. मनुस्मृतीच्या दहनानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेथे जमलेल्या स्त्रियांना उद्देशून भाषण केले. अस्पृश्यतेची खूण म्हणून ओळखू येणारी लुगडे नेसण्याची पद्धत सोडा, गळ्यात आणि हातांत लादलेले ओळखीचे दागिने टाका, लुगडे नीट खालपर्यंत नेसा, असे त्यांनी सांगितले. वरवर पाहता हा पोशाखाचा उपदेश वाटतो. पण लुगडे गुडघ्याशी थांबते की घोट्याशी पोहोचते, यावरून ज्या समाजात माणसाची पायरी ठरते, तेथे नेसण्याची रीत बदलणे म्हणजे आपल्या देहावर दुसऱ्याने लिहिलेली अक्षरे पुसणे होय. चवदार तळ्याचे पाणी पिणे आणि लुगड्याचा काठ खाली आणणे, या एकाच सत्याग्रहाच्या दोन बाजू होत्या.

या दोन घटनांतील व्यक्ती पुढे एकत्र आल्या. ‘समाजस्वास्थ्य’मधील मजकुरावरून कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे आणि लोकांच्या मनातल्या विकृत समजुती ज्ञानानेच दूर होतील, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. खटला हरला. आठ दशकांनी, २०१७ मध्ये, अजित दळवी या मराठवाड्याच्याच नाटककाराने ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक लिहिले आणि अतुल पेठे यांनी ते रंगमंचावर आणले, तेव्हा हा इतिहास नव्या पिढीसमोर आला. आमच्या अभ्यासक्रमांत मात्र कर्वे वैचारिक साहित्याच्या यादीत एका ओळीपुरते येतात, फार तर समाजसुधारकांचे पुत्र म्हणून.

लातूरचा एक देह

देहाचा स्वीकार हा केवळ स्त्रियांचा प्रश्न नाही, हे लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ने (१९८७) शिकवले. लातूर परिसरातल्या या आत्मकथनाला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ब्रिटिशांच्या १८७१च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण नजर बदलली नाही. ‘उचल्या’त लहान मुलांना मार खाण्याचे शिक्षण दिले जाते, कारण पुढे पोलिसांचा मार पडला तरी तोंड उघडता कामा नये. येथे ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार वाक्प्रचार राहत नाही, तो अभ्यासक्रम होतो. ज्या मुलाने आपले शरीर पहिल्यांदा ओळखले ते मार सहन करण्याचे साधन म्हणून, त्याला ‘स्वतःच्या देहावर प्रेम कर’ असा उपदेश करणे किती पोकळ आहे, हे हे पुस्तक वाचताना कळते. स्वीकार हा आरशासमोर एकट्याने करण्याचा संकल्प नसतो. आजूबाजूचे लोक त्या देहाला कसे वागवतात, यावर तो अवलंबून असतो.

बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ ही आत्मकथने स्त्रीदेहाच्या अंगाने हेच सांगतात. नांदेडमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या वृषाली किन्हाळकर यांचा ‘वेदन’ हा कवितासंग्रह या संदर्भात विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावा. तपासणीच्या टेबलाशी उभी असलेली कवयित्री मराठीत विरळाच.

आजचे

आता वर्तमानाकडे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली आढळली. यामागची व्यवस्था आमच्या भागात सर्वांना ठाऊक आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर दंड. फडावर ना न्हाणीघर, ना शौचालय. अंगावरून जाणे, पोटदुखी हे सारे अंगावर काढायचे आणि सहनशक्ती संपली की दवाखान्यात ‘पिशवीच’ काढून टाकायची, म्हणजे पाळी नाही आणि खाडाही नाही. ज्या मुलखात चक्रधरांनी विटाळाचे भय घालवले, त्याच मुलखात साडेसातशे वर्षांनी पाळी ही अशी परवडेनाशी गोष्ट झाली. चोखोबांच्या अभंगातला ऊस आणि या बायांनी तोडलेला ऊस यांच्यामधले अंतर मोजणे, हे वाङ्मयेतिहासाचेच काम आहे.

आमच्या वर्गांतले चित्र अर्थातच इतके दारुण नाही. तेथे देहाचा नकार बारीकसारीक गोष्टींत असतो. ‘अडचण आहे’ एवढे म्हणून महिन्यातून दोन-तीन दिवस न येणाऱ्या मुली. लग्नाच्या बायोडाट्यात ‘निमगोरी’ लिहिणारे पालक. लातूरच्या शिकवण्यांमध्ये दिवसाचे बारा-चौदा तास बसणारी, शरीर म्हणजे डोके वाहून नेणारी हमाली असे समजणारी मुले. १९७५ पासून विकली जाणारी ‘फेअर अँड लव्हली’ २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. नाव बदलले, पण बायोडाट्यातला रकाना बदलला नाही.

साहित्याच्या अध्यापकाने यात काय करावे? आरोग्यशिक्षण देणे हे आमचे काम नव्हे आणि आम्हांला ते येतही नाही. पण शब्दाचा अर्थ न लपवणे हे आमचेच काम आहे. गेली काही वर्षे आम्ही दोघे एक लहानसा बदल करत आहोत. सोयराबाईंचा अभंग शिकवताना शेजारी लीळाचरित्रातला तो प्रसंग ठेवतो आणि विटाळ या शब्दाचे दोन्ही अर्थ फळ्यावर लिहितो. पहिल्या वर्षी वर्ग खाली वह्यांत पाहत राहिला. मागच्या बाकावर कोणीतरी हसले. आमचाही आवाज नेहमीसारखा नव्हता. तरी तास पूर्ण झाला. पुढच्या वर्षी एका मुलीने विचारले, “चक्रधरांनी एवढं तेव्हाच सांगितलं होतं, तर आमच्या आजीला कोणी का नाही सांगितलं?” या प्रश्नाला आमच्याकडे पुरे उत्तर नाही. महानुभावांचे ग्रंथ कित्येक शतके सांकेतिक लिपीत बंदिस्त राहिले, हे उत्तराचा एक भाग झाला. ती लिपी उलगडल्याला शंभर वर्षे होऊन गेली. उरलेल्या भागाचे उत्तर ग्रंथ शिकवणाऱ्यांनी, म्हणजे आम्हीच, द्यायचे आहे.

‘अंगावर काढणे’ याला नेमका विरुद्धार्थी वाक्प्रचार आम्ही बरेच दिवस शोधत होतो. कोशांत तो मिळाला नाही, बोलण्यात मिळाला. आमच्याकडे बाया एकमेकींना म्हणतात, “नुसतं सोसू नको, दाखवून घे.” दवाखान्यात दाखवणे, एवढाच त्याचा अर्थ. जे झाकून ठेवले ते कोणा जाणत्याला दाखवावे, आणि दाखवण्यात लाज नाही. दाराशी थांबलेली ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच गेली. तिने तिचा प्रश्न आम्हांला दाखवला होता. आम्ही तो अंगावर काढला.